मेल्यावर दोन पायऱ्या

जपानी सर वर्गात चालत येत नसत, उतरत. दारातच दोन्ही हात पसरायचे, डावा खांदा खाली टाकायचा आणि बाकांमधून तिरकं वळत फळ्यापाशी टेकायचे. तेलुगू मुलखातल्या आमच्या शहरात, जामबागेतल्या मराठी शाळेत ते फिजिक्स शिकवत. वर्तुळाकार गतीचा धडा निघाला की त्यांचा लाडका जपानी लढाऊ वैमानिक आलाच. त्याच्यावरूनच हे नाव पडलं, आणि सरांना ते मनापासून आवडायचं.

हा वैमानिक दुसऱ्या महायुद्धातला, विशीतला पोरगा. दक्षिण समुद्रातल्या कुठल्याशा बेटावरून उडायचा. पॅराशूट घेत नसे, वळताना अडचण होते म्हणून. शत्रू मागे लागला की इतकं आखूड वळण घ्यायचा, की शेवटी हाच शत्रूच्या शेपटीमागे. सर फळ्यावर वर्तुळ काढत आणि म्हणत, "वळण जितकं लहान, ताण तितका जास्त. आणि ताण कोण सोसतं? विमान सोसतं, पण आतला माणूस आधी."

पोराची कारकीर्द जेमतेम वर्ष-दीड वर्षाची. हिवतापाने फणफणलेला असताना त्याला वर पाठवलं, तो परत आला नाही. अमेरिकावाले आपले पटाईत वैमानिक घरी बोलावून नव्यांना शिकवायला बसवत. जपान्यांचा हिशेब वेगळा. चांगला उडतोय ना, मग उडू दे. मेल्यावर मात्र दोन पायऱ्यांची बढती. इथे सर खडू ठेवून ताठ उभे राहत आणि सलाम ठोकत. मला तेव्हाही चीड यायची. जिवंतपणी एक पायरी आणि महिन्याची रजा दिली असती तर काय बिघडलं असतं, असं मी भर वर्गात विचारलं. सर हसून म्हणाले, "तू पुढे पत्रकं वाटत फिरणार, बघ."

फिरतेच आहे.

मग देशाचा बाजार खुला झाला. मराठी शाळेची बाकं रिकामी पडत गेली आणि चौकाचौकात इंजिनीअरिंगच्या तयारीची कॉलेजं उगवली. त्यातल्या एकाने सरांना उचललं. पहिल्याच वर्षी सरांची पोरं वरच्या नंबरात आली. मालकाने चौकात सरांचा फोटो टांगला. हात पसरलेले, मागे रंगवलेलं विमान. पहाटेची बॅच, दुपारची, संध्याकाळची. पत्र्याखालचा हॉल खच्चून भरलेला, आणि माईक नाही. सरांच्या खऱ्या आवाजाचीच पोरांना मजा येते, असं मालकाचं मत. पद काय, तर टेंपररी लेक्चरर. फोटो कायमचा, माणूस टेंपररी.

आवाज बसला. सर बेगम बाजारातून ज्येष्ठमध आणून चघळायचे आणि मागच्या बाकावरची पोरं त्यांच्या घोगरेपणाच्या नकला करायची. डॉक्टरांनी गळ्यात गाठ पाहिली. बोलणं बंद ठेवा, लगेच तपासणी करू, म्हणाले. सरांनी महिन्याची रजा मागितली. मालक गोड हसला. "रिझल्ट होने देव, सार. आप उतरे तो बच्चे गिर जाते."

मी नल्लकुंट्याला त्यांच्या घरी गेले. म्हटलं, आम्ही युनियनवाले तुमच्या रजेसाठी कॉलेजच्या गेटवर धरणं धरून बसतो, तुम्ही फक्त शेजारी बसा, बोलूही नका. सरांनी मान हलवली. कुजबुजल्यासारखे म्हणाले, "तो पोरगा उतरला असता, तर मी त्याची गोष्ट सांगितली असती का गं?"

स्वयंपाकघराच्या दारातून काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणाल्या, "अन् तुमची कोण सांगणार हो? तुम्हांला तर आत्ताच बोलता येईना."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बॅचला ते हजर.

रिझल्ट लागला, उत्तम लागला. मग तपासणी झाली. गळा कापून स्वरयंत्र काढलं, पण गाठ पुढे पसरलेली. सर अंथरुणावर असतानाच मालकाने नवा माणूस आणला आणि त्याला दारातून हात पसरून यायला शिकवलं. सर कर्करोगाने गेले, असं लोक सांगतात. साफ खोटं. त्यांना रिझल्ट लागेपर्यंत वापरलं आणि मग मरू दिलं. हेच मी पत्रकात छापलं, हेच इथे लिहिते.

शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. त्या दिवशी मात्र माईक होता. मालकाने डोळे पुसले आणि जाहीर केलं, की आजपासून सार आपले प्रिन्सिपल. लेक्चररच्या वर व्हाइस प्रिन्सिपल, त्याच्या वर प्रिन्सिपल. टाळ्या पडल्या.

काकू माझ्या शेजारी बसल्या होत्या. टाळ्या ओसरल्यावर माझ्या कानाशी वाकून त्यांनी विचारलं, "ह्या पदाला रजा मिळते का गं?"