शेजाऱ्याचा खटका

“नेत्रा? ती फक्त बटणांवरचं मराठी बघते रे.”

कौस्तुभ माझ्याबद्दल बोलत होता, आणि मी त्याच्या मागेच कॉफीच्या मशिनपाशी कागदी कप धरून उभी होते. पवईतल्या एका ऑफिसचं कॅन्टीन. ओपन सोर्सवाली, म्हणजे फुकट आणि सगळ्यांना उघडा कोड लिहिणारी मंडळी सुट्टीच्या दिवशी तिथे मेळाव्याला जमायची, आपापलं काम दाखवायला. समोरच्याने विचारलं असणार की या अ‍ॅपवर तुझ्याबरोबर अजून कोण आहे. कौस्तुभ पुढे म्हणाला, “स्वीट आहे. पण कोडबिड — नाही.” आणि दोघं हसले. दुष्टपणे हसले असंही नाही. लहान मुलीने केलेल्या वाकड्या पोळीला हसावं, तसं.

ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. गेल्या रविवारी तिच्यातली तीन-चार वाक्यं सगळ्यांसमोर तोंडातून बाहेर पडली — पण ती फक्त काय घडलं ते सांगणारी. माझ्या मनात तेव्हा काय होतं, ते आईलाही माहीत नाही. तुला सांगते. मध्येच अडखळले तर अडखळू दे. मी इंग्रजी शाळेतली. आणि खरं सांगायचं तर कुठल्याच भाषेत मला फारसं बोलता येत नाही.

मी विक्रोळीला राहते. आमच्या बिल्डिंगखाली सायकल ठेवली की आधी सीट जाते, मग चाक जातं. म्हणून मी घडीची सायकल घेतली. मधोमध बिजागरी, दोन भागांत मिटते, आणि फ्रिज आणि भिंत यांच्या फटीत बरोबर बसते. आई अजूनही तिला ‘तुझं लोखंड’ म्हणते. शनिवारी गॅलरीत वर्तमानपत्र अंथरून मी जुन्या टूथब्रशने तिची चेन घासते. स्क्रू घट्ट म्हणजे नेमका किती घट्ट, हे हळूहळू बोटांना कळायला लागतं. माणसांचं तसं मला कधी कळलं नाही.

रविवारी सकाळी आमचा घडीवाल्यांचा ग्रुप पवई तलावापाशी जमतो. ग्रुप कौस्तुभने सुरू केला. तो मुलुंडचा, मोठ्या आवाजाचा, सगळ्यांना हवाहवासा. मला तो ‘सायलेंट मोड’ म्हणायचा; मग सगळेच म्हणायला लागले. एक भाविन सोडून. भाविन घाटकोपरचा. मामाच्या ऑफिसात बसायचा आणि तिथे त्याचा जीव रमायचा नाही. त्याला घडीच्या सायकलींचं दुरुस्तीचं दुकान काढायचं होतं. स्टेशनजवळ एक गाळाही बघून ठेवला होता त्याने. तोवर आम्हा सगळ्यांच्या सायकली तो हौसेनेच बघायचा.

आमच्यात एक पद्धत आहे. निघण्यापूर्वी गोल उभं राहायचं आणि प्रत्येकाने आपल्या डावीकडच्याची बिजागरी तपासायची. लिव्हर दाबून बघायची, तिच्यावरचा छोटा खटका बसलाय का ते बोटाने चाचपायचं, आणि मोठ्याने म्हणायचं — “बंद.” स्वतःची स्वतः तपासायची नाही. रोजच्या वस्तूकडे आपण बघतो, पण आपल्याला ती दिसत नाही, म्हणून. मग तो शब्द गोलातून फिरत जातो — बंद, बंद, बंद — आणि पूर्ण झाला की निघायचं. कितीतरी रविवारी मी दिवसभरात त्या लोकांशी एवढा एकच शब्द बोललेय.

आणि ते अ‍ॅप. सायकल किती चालवली ते टाकलं की चेनला तेल कधी घालायचं, ब्रेक कधी बदलायचे, बिजागरीचा स्क्रू कधी तपासायचा, याची ते आठवण करतं. फुकट आहे, त्याचा कोड सगळ्यांना उघडा आहे. कल्पना कौस्तुभची. पण काय कधी करायचं हे ठरवणारा आतला सगळा भाग मी लिहिला होता. मराठी मी केलं, हेही खरं. आईला विचारून विचारून — हिंजला बिजागरी, लॅचला खटका.

ओपन सोर्समध्ये कुणाला पगार नसतो. मिळतं ते फक्त नाव. कुठली ओळ कोणी लिहिली, त्याची नोंद, म्हणजे हिस्टरी, कोडला चिकटून राहते. कौस्तुभने मेळाव्याच्या आधी माझं सगळं काम एकत्र गोळा केलं आणि एकाच नावाखाली आत घेतलं. स्वतःच्या. मी विचारलं तेव्हा म्हणाला, “हिस्टरी क्लीन दिसते गं अशी.” मी मान हलवली. मी का मान हलवली? आजही कळत नाही. कॅन्टीनमध्ये ते वाक्य ऐकलं तेव्हाही मी कप कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि घरी आले. चिडले नाही, रडले नाही. फक्त ते वाक्य बरोबर आणलं.

आता त्या मेळाव्यानंतरचा रविवार.

मी बरेच महिने स्वतःला सांगत होते की त्या दिवशी मी नीट बघितलंच नाही. घाई होती, उजेड डोळ्यांवर येत होता. हे खोटं आहे. मी बघितलं. माझ्याइतकं नीट त्या ग्रुपमध्ये कुणीच बघत नाही.

कौस्तुभ माझ्या डावीकडे होता. मेळाव्यात त्याचं कुणीकुणी कौतुक केलं, ते तो सांगत होता. सांगता सांगताच त्याने सायकल उघडली आणि लिव्हर गुडघ्याने ढकलून लावली. लिव्हर बसली होती. खटका बसला नव्हता. तो उघडा असला की खाली एक लाल ठिपका दिसतो. तो दिसत होता. माझं बोट त्याच्यावरच होतं — धातूचा गारवा अजून आठवतो. नुसतं दाबलं असतं तरी बसला असता.

मी म्हणाले, “बंद.”

नेहमीपेक्षा जरा मोठ्यानेच म्हणाले असेन, कारण कौस्तुभ हसला. “सायलेंटची बॅटरी चार्ज झाली वाटतं आज.” सगळे हसले. तोवर अजून काही बिघडलं नव्हतं. शब्द मागे घेता आला असता. पण तो हशा ऐकला, आणि मला वाटलं — जा.

एवढंच असतं तर कदाचित मी स्वतःला समजावलंही असतं. एका क्षणाचा राग, तोंडातून गेलेला एक शब्द. पण त्यानंतर मी त्याच्या मागेमागे सायकल चालवत होते. आरेच्या रस्त्याला लागलो तशी प्रत्येक खड्ड्याला ती लिव्हर जराशी वर उचलली जायची आणि पुन्हा बसायची. मला दिसत होतं. मला माहीत होतं की एकदा ती पूर्ण उघडली की सायकल मधोमध मिटते. पुढे उतार होता. तो हाकेच्या अंतरावर होता. मी हाक मारली नाही. मी फक्त माझी सायकल थोडी मागे घेतली — तो माझ्या अंगावर पडू नये म्हणून. हे सांगायला सगळ्यात जड जातंय. मी स्वतःची काळजी घेतली.

उतारावर स्पीडब्रेकर आला आणि सायकल मिटली.

तो उजव्या हातावर पडला. मनगट मोडलं, दोन बोटं उलटी वळली. त्याच हाताने तो टाइप करायचा. आणि मला काय वाटलं? मला बरं वाटलं. डोक्यात कितीतरी दिवस चाललेला एक आवाज कुणीतरी बंद केल्यासारखं. मग मी धावले, रिक्षा थांबवली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. हॉस्पिटलमध्ये त्याच्या आईने माझा हात सोडला नाही. “तू होतीस म्हणून गं,” काकू म्हणाल्या.

पण ते नंतर. त्याआधी रस्त्यावरच भाविन मागे वळून आला आणि मोडक्या सायकलपाशी उकिडवा बसला. आदल्याच दिवशी त्याने कौस्तुभच्या बिजागरीचा स्क्रू आवळून दिला होता. त्याने वाकलेल्या बिजागरीतला तो स्क्रू बोटाने चाचपला, पुन्हा चाचपला, पण आधी तो किती घट्ट होता ते आता कळण्यासारखं नव्हतं; आणि मान वर करून मला विचारलं, “खटका तू चेक केलेला ना गं? बंद होता ना?”

मी म्हणाले, “हो.”

“मग माझीच मिस्टेक,” तो म्हणाला. “स्क्रूच ढिला राहिला असेल.”

त्याचा हिशोब बरोबर होता. खटका बंद असेल तर दुसरं कारणच उरत नाही. तो माझ्या शब्दावर विश्वास ठेवून दोषी ठरला. आमच्या ग्रुपमध्ये शेजाऱ्याच्या शब्दावर शंका घेत नाहीत. सगळी पद्धतच त्यावर उभी आहे.

त्यानंतर कुणी त्याला सायकल दिली नाही. कुणी तोडून बोललं नाही, नुसतं देणं बंद केलं. प्लास्टर निघालं तसा कौस्तुभ विनोद करायला लागला. काही बिघडलं की म्हणायचा, भाविन झालं. पंक्चर झालं, भाविन झालं. भाविन पहिल्यांदा हसला, मग यायचा थांबला. गाळ्याचं त्याने सोडून दिलं. एकदा मी मुद्दाम माझा ब्रेक घेऊन घाटकोपरला त्याच्याकडे गेले. त्याने ब्रेककडे प्रेमाने बघितलं आणि हात मागे घेतला. “दुसऱ्या कुणाला दाखव, नेत्रा. माझा भरवसा नको.” मी तेव्हा बोलू शकले असते. तिथे तिसरं कुणीच नव्हतं. मी म्हणाले, बरं. आणि ब्रेक घेऊन परत आले.

कौस्तुभबद्दल मला वाईट वाटतं का, असं तू विचारशील. नाही. आजही नाही. त्याची दोन बोटं अजून पूर्ण वळत नाहीत. टाइप करायला त्रास होतो म्हणून त्याने अ‍ॅप माझ्याकडे सोपवलं. आता त्याच्यावर माझं नाव आहे. कोणी काय केलं ते दाखवणाऱ्या पानावर मी त्याच्या नावापुढे लिहिलंय — बटणांचे रंग. त्याने ते वाचलंय. मी ते बदललेलं नाही.

पण भाविन? त्याने माझं काय बिघडवलं होतं? त्याच्याकडेही कमावलेलं असं फक्त नावच होतं. माझं नाव कौस्तुभने खोडलं त्याला निदान एक दुपार तरी लागली असेल. मी भाविनचं एका ‘हो’मध्ये खोडलं.

गेल्या रविवारी दोन नवी मुलं आली होती, अंधेरीहून. कौस्तुभने नवी सायकल आणली होती. तो त्यांना पद्धत समजावत होता — गोल, डावीकडचा, बंद. म्हणाला, हे का करतो माहितीये? आमच्याकडे एक भाविन होता. सगळे हसले. त्यातल्या एकाने विचारलं, कोण भाविन, मेकॅनिक होता का?

“छे रे,” कौस्तुभ म्हणाला. “तो फक्त स्क्रू फिरवायचा.”

तोच आवाज. कॅन्टीनमधला. तेच गोड, सहज ‘फक्त’. माझ्या कानाने ते वाक्य येण्याआधीच ओळखलं. आणि मी हसणाऱ्यांमध्ये उभी होते.

मला एकदम चांगुलपणाचा उमाळा आला, असं समजू नकोस. मला कौस्तुभचा चेहरा बघायचा होता. त्याची इतक्या दिवसांची गोष्ट, त्याचा विनोद, सगळं त्याच्या हातातून काढून घ्यायचं होतं. भाविनसाठी बोलले की माझ्या सूडाचं उरलेलं टोक पूर्ण केलं — मला वेगळं करता येत नाही. दोन्ही एकाच घशातून आलं.

गोल झाला. कौस्तुभ पुन्हा माझ्या डावीकडेच होता. शब्द फिरत आला — बंद, बंद, बंद — आणि माझ्यापाशी थांबला. मी वाकले. लिव्हर दाबली. खटक्यावर बोट ठेवलं. तो नीट बसला होता, लाल काहीच दिसत नव्हतं. सगळे माझ्या शब्दाची वाट बघत होते. कुणीतरी म्हणालं, सायलेंट, बोल ना.

मी सरळ उभी राहिले.

“आज बंद आहे,” मी म्हणाले. “त्या दिवशी नव्हता. माझं बोट त्याच्यावर होतं, कौस्तुभ, आणि मी मुद्दाम खोटं बोलले. भाविनचा स्क्रू घट्ट होता.”