चुंबक कपाटात होतं

माझ्या शिक्षणाचं जे काही चांगलं झालं, त्यात सर्वांत मोठं ऋण काशिनाथकाकांचं. शेलार गावच्या या काकांनी उमेदीची वर्षं सायझिंगमध्ये घालवली. लूमवर चढण्याआधी सुताला खळ लावायची, म्हणजे ते तुटत नाही, हे त्यांचं काम. पुढे कशेळीच्या एका गोदामातल्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत ते मदतनीस झाले. गेल्या महिन्यात त्यांच्या सुनेचा फोन आला, "दादा, बाबा गेले." त्यातला 'गेले' हा शब्द मला वेगळाच लागला... का, ते सांगतो.

मी दिघाशी गावचा, घरातला पहिला पदवीधर. माझा प्रबंध एका मिश्रधातूच्या भुकटीवर. चुंबकाजवळ नेली की ती किंचित तापते, दूर केली की निवते. ती प्लास्टिकमध्ये मिसळून तार ओढायची आणि त्या तारेतून थ्रीडी प्रिंटरवर थंडावा देणारे भाग छापायचे. पण तार सारखी तुटायची. वर्ष वाया जाणार असं दिसलं, तेव्हा काका हसले. "अरे सायबा, एवढा शिकलास न् कोऱ्या सुतावर लूम चालवतंस? तुज्या भुकटीला खळ न्हाय, म्हनून तुटतंय." मी कणांना पातळ लेप दिला. तार तुटली नाही.

छापलेली पहिली चकती गरम असतानाच काकांनी दाबून पाहिली. अंगठ्याचा ठसा राहिला. मग खेळच सुरू झाला. काका डोळे मिटून ठशावर अंगठा ठेवत, मी खालून चुंबक सरकवायचो. उबारा जाणवला की "आला," ते म्हणत. काढलं की, "गेला." तापमापक मागाहून सांगे. ते कधी चुकले नाहीत.

शेवटच्या भेटीत, घरी अंथरुणावर पडलेल्या काकांच्या हातात मी ती चकती दिली. चुंबक कशेळीला कपाटात होतं. काकांनी डोळे मिटले... "आला."

"काका, चुंबक नाही आणलं."

"म्या कुटं चुंबक बोललो?" ते दाराकडे तोंड करून म्हणाले. दारात कुणी नव्हतं.

त्या दिवशी एक गोष्ट सांगायला गेलो होतो, ती सांगवली नाही. घरी येऊन पत्र टाकलं. ते पोचायच्या आधी काका गेले. दहाव्याला सुनेनं पाकीट न फोडता परत दिलं. आता चकती माझ्या टेबलावर असते. चुंबक काढलं की अंगठ्याखालचा ठसा निवतो, आणि मला पुढचा शब्द म्हणवत नाही. पत्रात एवढंच होतं :

"काका, लेपाची युक्ती तुमची. प्रबंधात मी ती माझी म्हणून लिहिली. सरांना खरं सांगितलंय, ते पान बदललंय, त्यावर तुमचं नाव आहे. शनिवारी घेऊन येतो. माझी पावलं वाजली की डोळे उघडू नका, नुसतं 'आला' म्हणा."