जहाज नांगरावर होतं

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. आज तुम्हाला सांगते — पण खाली मान घालून नाही हं, ती माझी सवय नाही.

मी सागरी कायद्याची वकील. आणि चांगली वकील. थळच्या नारळी-सुपारीच्या वाडीतली, मास्तरांची मुलगी. आज माझ्या अर्जावर परदेशी जहाज मुंबई बंदरात अडकून पडतं. कोर्टाचा माणूस जहाजावर चढून अटकेचा हुकूम चिकटवतो, मग नांगर उचलायची कप्तानाची हिंमत होत नाही. अभिमान वाटतो मला. का वाटू नये?

दरवर्षी अलिबागच्या एका कॉलेजात बोलावतात — हे शिकून पुढे काय, ते सांगा. मी घडाघडा सांगते. बंदरं आहेत, जहाज कंपन्या आहेत, विमा, लवाद, खलाशांच्या पगाराचे खटले. मुंबईत बसून सिंगापूरची कामं करता येतात. पोरं भराभर लिहून घेतात. माझी पहिली नोकरी कशी मिळाली, तेही सांगते. पण अर्धंच.

नामदेवकाका आमच्याच गावच्या कोळीवाड्यातले. दोन सिलिंडरच्या इंजिनाची होडी, स्वतःची. नारळी पौर्णिमेला दर्याला द्यायचा त्यांचा नारळ आमच्या वाडीतला, आणि तो मीच त्यांच्या हातावर ठेवायचा, ही माझ्या लहानपणापासूनची रीत. मी परीक्षा पास झाले तेव्हा काकाच साऱ्या कोळीवाड्यात सांगत फिरले होते, आपली पोर जहाजांची वकील झाली म्हणून.

त्याच वर्षीची गोष्ट. एका मंगळवारी सकाळी काका आले. हातात बर्फाच्या पेटीचं थर्माकोलचं झाकण. पहाटे एका मालवाहू जहाजाने त्यांची होडी चिरली होती. माणसं वाचली, होडी गेली. काकांना इंग्रजी येत नाही, पण जहाजाच्या मागची अक्षरं बघून त्यांनी कोळशाने झाकणावर काढली होती, एकेक वळण तसंच्या तसं. मी नाव वाचलं.

"काय करता येतंय का बघ, पोरी. जहाज हाय अजून, गेलं न्हाय."

खरंच होतं. वाडीच्या टोकाला गेलं की दिसत होतं, नांगरावर उभं.

कसं सांगू — त्या जहाजाच्या कंपनीची कामं बघणाऱ्या वकिलांकडेच गुरुवारी माझी मुलाखत होती. काकांसाठी अर्ज केला असता, निदान दुसऱ्या वकिलाचं नाव सांगितलं असतं, तरी थळची ती पोरगी कोण, हे त्यांच्या कानावर गेलंच असतं. जहाज निघण्याआधी कोर्टात गेलं तर ते धरता येतं. हे मला पाठ होतं. मुलाखतीत पहिला प्रश्न हाच येणार म्हणून घोकलं होतं.

झाकण ठेवून घेतलं. संध्याकाळी कोळीवाड्यात जाऊन सांगितलं, "काका, परदेशी जहाजाला आपला कायदा लागत नाही." त्यांनी मान हलवली. दुसऱ्या कुणाला विचारलंसुद्धा नाही. घरचीच वकील होती ना.

गुरुवारी प्रश्न आला, उत्तर चोख दिलं. शुक्रवारी जहाज गेलं. झाकण मी बंबात जाळलं. तीन दिवस न्हाणीघरात वास होता.

त्या पौर्णिमेलाही काका नारळ न्यायला आले. दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जात होते तेव्हा. "दर्याला नारळ द्यायला सोताची होडी कशाला लागते?" म्हणाले. मी नारळ हातावर ठेवला. नजरेला नजर देऊन ठेवला.

यंदा कॉलेजात एक मुलगी थांबली. काकांची नात. कायदा शिकते, माझ्यासारखंच व्हायचंय म्हणाली. डोळ्यांत तीच चमक, माझ्यात होती ती. ऊर भरून आला माझा, खोटं कशाला सांगू. मग तिने विचारलं, "मॅडम, आमच्या आजोबांची होडी बुडाली तेव्हा हा कायदा नव्हता ना? ते म्हणतात, तुम्हीच तसं सांगितलंत."

मी म्हणाले, "नव्हता."

होता. आणि तिच्या वहीत तो आता, माझ्याच तोंडून, चुकीचा लिहिलेला आहे.