छोटीच्या डोक्यावरची हनुवटी

कुत्र्याने छोटीला पाडलं, तिच्या भुवईतून रक्त आलं, आणि तो तिच्याकडे बघतही नव्हता. तो बसला होता. शहाण्यासारखा, शेपूट फरशीवर घासत, तोंड वर करून. वाढदिवसाला जमलेली पंधरा-सोळा माणसं छोटीकडे धावली. मी एकटीच कुत्र्याकडे बघत उभी राहिले, कारण तो असा का बसलाय हे त्या घरात फक्त मला माहीत होतं.

घर नौपाड्यात, सातव्या मजल्यावर. मी तिथे छोटीला सांभाळायला जायचे, सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेसात. राहायला ठाकुर्लीला मावशीकडे. गाव आमचं वाशीम जिल्ह्यातलं. आठवीत असताना आई आजारी पडली, घरात भाकऱ्या थापायला कोणी उरलं नाही, आणि शाळा सुटली. कोणी सोडायला लावली नाही, कोणी थांबवलंही नाही. नुसती सुटली.

छोटीच्या आईला मी ताई म्हणायचे. त्या बँकेत होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "किती शिकलीस?" मी म्हटलं, आठवी. लोक त्यावर 'अरेरे' म्हणतात, त्या म्हणाल्या नाहीत. पुढच्या महिन्यात दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आणून समोर ठेवला. छोटी दुपारी झोपली की तिचे आजोबा मला बीजगणित शिकवायचे. ठाण्याच्या कोर्टात त्यांची सगळी नोकरी झालेली. गणित चुकलं की म्हणायचे, "पुरावा कुठाय?" या घराचे उपकार कसे फेडायचे ते मला कळायचं नाही. म्हणून मी छोटीची जास्तच काळजी घ्यायचे. मुळात स्वभाव भित्रा. गॅस बंद आहे का ते तीनदा बघणार. लिफ्टमध्ये तिचा हात असा धरणार की ती म्हणायची, "दुखतं."

कुत्रा छोटीच्या आधीपासूनचा. काळा लॅब्राडोर, चाळीस किलोचा. पहिल्या दिवशी ताईंनी सांगितलं होतं, "याला हातचं काही द्यायचं नाही हं. वजन वाढलंय, डॉक्टरांनी मोजून खाणं दिलंय. आणि एकदा हातचं खाल्लं की हा मागेच लागतो." मी "हो ताई" म्हटलं, आणि ते खरंच मनापासून म्हटलं होतं.

दिवाळीनंतर छोटीला ताप आला. ताप चार दिवसांत गेला, पण तिने जेवण सोडलं. दिवेलागणीला जी रडायला लागायची ती थांबायची नाही. डॉक्टर म्हणाले, होतं असं. माझं मन मानेना. आमच्याकडे असं लेकरू किरकिरलं की भाकरतुकडा ओवाळून टाकतात. शिळ्या भाकरीचा तुकडा मुठीत धरायचा, लेकराच्या डोक्याभोवती सात वेळा फिरवायचा, आल्यागेल्याची, पापी-चांडाळाची दृष्ट जाऊ दे असं पुटपुटायचं आणि तुकडा दाराबाहेर टाकायचा. गावात दाराशी कुत्रं असतंच. ते तुकडा नेतं, आणि दृष्टही नेतं.

सातव्या मजल्यावर दाराबाहेर लिफ्ट होती. छोटीला एकटी टाकून खाली चौकात जाता येत नव्हतं. खिडकीतून काही टाकायचं नाही अशी सोसायटीची पाटी होती. कचऱ्याच्या डब्यात टाकायला हात धजेना. आणि कुत्रा तर समोरच बसला होता. मला वाटलं, देवानेच बसवलाय.

आजोबा त्या वेळी तलावपाळीला फिरायला गेलेले असायचे, ताई आणि छोटीचे वडील कामावरून यायचे असायचे. मी माझ्या डब्यातला तुकडा ओवाळला आणि त्याला घातला. त्या संध्याकाळी छोटी वाटीभर वरणभात जेवली. आता कळतं, ताप उतरल्यावर भूक लागणारच होती. तेव्हा मी हात जोडले. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओवाळलं. मग रोजच. तो तुकड्यावर झेप घेऊ नये म्हणून मी त्याला आधी "बस" म्हणायचे. आठवडाभरात सांगायची गरज उरली नाही.

महिन्याभरात एक नवीनच सुरू झालं. मला उशीर झाला की तो छोटीमागे जाऊन उभा राहायचा आणि आपली हनुवटी तिच्या डोक्यावर ठेवायचा. ती हसायची. कधी एक पंजा खांद्यावर, कधी दोन्ही. एकदा ताई लवकर आल्या आणि त्यांनी ते पाहिलं. चपलाही न काढता दारात उभ्या राहिल्या. "बघ ना गं, किती जीव आहे त्याचा हिच्यावर." डोळे भरून आले त्यांचे. मोबाइल काढून त्यांनी तो व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना पाठवला. मग असे कितीतरी झाले.

आजोबांना ते पटलं नाही. "हा जीव नव्हे," ते म्हणाले. "मी वाचलंय. डोक्यावर हनुवटी ठेवणं म्हणजे वरचढपणा. तो तिला सांगतोय, या घरात तू माझ्या खाली."

"बाबा, तुम्ही काहीही वाचता," छोटीचे वडील म्हणाले. त्यांना मी दादा म्हणायचे. "तो उशी समजतो तिला."

"उशी समजणं हा तरी कुठला मान?"

जेवायच्या टेबलावर हा वाद रोजचा झाला. एकदा आजोबांनी मलाच साक्षीला ओढलं. "तू सांग. तुमच्याकडे कुत्री असतात. प्रेम की दादागिरी?"

"राखण करतोय आजोबा," मी म्हटलं.

खोटं बोलतेय असं मला अजिबात वाटलं नाही. रोज तिची दृष्ट तो पोटात घेत होता. राखण दुसरी काय असते?

छोटीचा तिसरा वाढदिवस गुरुवारी आला. डोंबिवलीहून आत्या आल्या, शेजारचे आले. कुत्र्याला आतल्या खोलीत ठेवलं होतं. हॉलमध्ये पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, छोटीला परकर-पोलकं घालून बसवलं. आत्यांनी ताट घेतलं. मी स्वयंपाकघराच्या दारात करंज्यांचं ताट धरून उभी होते. आत्यांनी सुपारी आणि अंगठी मुठीत धरली आणि छोटीच्या तोंडाभोवती हात फिरवायला लागल्या.

बाहेर दिवेलागण झालेली. छोटी खाली बसलेली. मूठ तिच्या डोक्याभोवती फिरतेय.

माझ्या तोंडातून शब्द निघायच्या आत खोलीचं दार उघडलं. कडी नीट लागली नव्हती. तो भुंकला नाही, गुरगुरला नाही. माणसांच्या पायांतून सरळ आला आणि त्याने दोन्ही पंजे छोटीच्या खांद्यांवर टाकले. ती पुढे पडली, भुवई पाटाच्या कडेवर आपटली, आत्यांच्या हातातलं ताट उडालं, निरांजन विझलं. आणि तो तिच्या शेजारी बसला, आत्यांच्या मुठीकडे बघत, आपला तुकडा यायची वाट बघत. मी शिकवलं होतं तसाच.

दादांनी त्याला पट्ट्याला धरून गॅलरीत ओढत नेलं. जाताना त्याने वळून माझ्याकडे बघितलं. मी करंज्यांचं ताट हातात धरून उभीच होते. ते खाली ठेवायचंही मला सुचलं नाही.

भुवईला तीन टाके पडले. दाताची खूण नव्हती, पण मानेवर नखाचा ओरखडा होता, म्हणून इंजेक्शनं सुरू झाली. दवाखान्यातून परत आल्यावर आत्या म्हणाल्या, "आज भुवई गेली, उद्या डोळा जाईल. जळतो तो पोरीवर. शहापूरला आमच्या ओळखीच्यांचं शेतघर आहे, तिथे साखळीला राहील. रविवारी पोचवू."

आजोबा म्हणाले, "मी सांगत होतो. पण असं व्हावं म्हणून नव्हतो सांगत."

ताई छोटीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या फक्त "ठीक आहे" म्हणाल्या. गॅलरीच्या काचेवर त्याचं नाक टेकलेलं दिसत होतं. त्या एकदाही तिकडे वळल्या नाहीत.

शुक्रवारी त्यांनी मला येऊ नको सांगितलं. सकाळी नळावर मावशीला मी सगळं सांगितलं. तिने हंडा भरू दिला, मग नळ बंद केला.

"तुले कोनं इचारलं काय?"

"नाही."

"मंग चूप राह्य. कुत्रं जाईन, तू राहशीन. तू बोलली त कुत्रं राहीन अन् तू जाशीन. दहावीचा पेपर मंग त्या कुत्र्यालेच देऊ दे."

मावशी चुकीचं काही बोलत नव्हती. परीक्षा महिन्यावर आली होती, आणि ते घर गेलं तर मला गावी परतावं लागणार होतं. पण दिवसभर मला तो बसलेलाच दिसत राहिला. त्याने तर सांगितलं तेवढंच केलं होतं. त्याला साखळी, आणि मला बीजगणित?

शनिवारी न बोलावता गेले. डब्यात भाकरी घेऊन गेले. ताई, दादा, आजोबा तिघंही घरी होते, छोटी आत झोपली होती. मी म्हटलं, "मला एक दाखवायचंय. छोटीच्या खोलीला कडी लावा." परवाचा पाट भिंतीला टेकवून ठेवला होता. तो मी हॉलच्या मधोमध मांडला, त्यावर बसले आणि तुकडा आजोबांच्या हातात दिला. "हा मुठीत धरून माझ्यावरून ओवाळा."

"मी? अगं, हे काय भलतंच?"

"ओवाळा आजोबा. पुरावा आहे."

त्यांनी तुकडा मुठीत धरला. दादांनी कुत्र्याला पट्टा लावून गॅलरीतून आणलं. आजोबांची मूठ माझ्या डोक्याभोवती फिरायला लागली. दुसरा फेरा पुरा व्हायच्या आत तो माझ्यामागे आला. दोन पंजे खांद्यांवर पडले. मी मोठी, तरी वाकले. मग हनुवटी डोक्यावर आली, जड, गरम. त्याची लाळ माझ्या भांगात उतरली. मग तो खाली झाला, पुढे येऊन बसला आणि त्याने तोंड वर केलं.

आजोबांचा हात तसाच हवेत राहिला.

"कधीपासून?" ताईंनी विचारलं.

"दिवाळीनंतर."

"रोज?"

"रोज. तुम्ही यायच्या आधी."

"पहिल्या दिवशी काय सांगितलेलं मी तुला?"

"हातचं द्यायचं नाही."

"मग?"

"छोटी जेवत नव्हती, ताई."

आजोबांनी तुकडा टेबलावर ठेवला. "म्हणजे तीन महिने आपण भाकरीवर खटला चालवत होतो," ते म्हणाले.

ताईंनी मोबाइल काढला आणि जुने व्हिडिओ लावले. आवाज बंद ठेवून एकामागून एक बघत राहिल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "तो एकदाही तिच्याकडे बघत नाहीये." मी वाकून पाहिलं. प्रत्येक व्हिडिओत हनुवटी छोटीच्या डोक्यावर होती आणि डोळे स्वयंपाकघराच्या दाराकडे. एकात कडेला माझ्या हिरव्या बांगड्या दिसत होत्या. ताईंचा चेहरा परवा छोटीचं रक्त पाहूनही उतरला नव्हता इतका आता उतरला. तीन महिने आपण काय बघत होतो, हे त्यांना तेव्हा दिसलं असावं.

मी पिशवी उचलली. तेवढ्यात आत्यांचा फोन आला. दादांनी त्यांना सगळं सांगितलं. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता, "आधी त्या मुलीला काढा." ताईंनी फोन हातात घेतला. "परवा खोलीची कडी मी लावलेली, वन्सं. नीट लागली नाही ती माझ्याकडून. मग मलाही काढायचं का?" फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सोमवारी नऊला ये. डब्यात भाकरी आणायची नाही."

रविवारी शहापूरला कोणी गेलं नाही. स्वयंपाकघर आणि हॉलच्या मध्ये लाकडी फाटक बसवलं. कुत्र्याच्या डॉक्टरांनी बजावलं की मोठं माणूस जवळ नसेल तर या दोघांना एका खोलीत सोडायचं नाही, प्रेम असो नाहीतर काहीही असो. ताई कामापुरतं बोलायच्या. दिवेलागणीला तो फाटकामागे येऊन बसायचा आणि माझ्या हातांकडे बघायचा. मी हात ओढणीत गुंडाळून ठेवायचे. दहा-बारा दिवस आला. मग यायचा थांबला.

एका संध्याकाळी ताई घरी असताना त्यांनी फाटक उघडलं. छोटी पाटावर बसली. स्वतःच्या डोक्यावर हात थोपटत त्याला म्हणाली, "ये, इथे ठेव." तो बाहेरच्या दाराशी पडला होता, आजोबांची वाट बघत. एक कान हलला. उठला नाही. तिने पुन्हा बोलावलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी त्याला काय सांगितलं असतं? माझ्याकडे भाकरी नव्हती.

ताई स्वयंपाकघरातून आल्या, पाटामागे जमिनीवर बसल्या आणि आपली हनुवटी छोटीच्या डोक्यावर ठेवली. टाक्यांची खूण अजून गुलाबी होती. तशाच बसून त्यांनी मला विचारलं, "तू का उभी आहेस? पुस्तक काढ. पेपर जवळ आले."