‘नो, थँक यू’च्या पुढचे इंग्रजी

“शनिवारपर्यंत तुमचा वर्ग बोलला नाही, तर तो मी घेईन. तुम्ही भोजनगृहाची व्यवस्था पाहा,” हार्डिंगसाहेब म्हणाले.

हे वाक्य पोलंडमधील एका तळ्याकाठच्या शाळेच्या व्हरांड्यात, सर्वांसमक्ष उच्चारले गेले. ते ऐकायला मी तेथे होतो. आमचे सहकारी देसाई सर तेव्हा कोल्हापुरात होते. तरीही या प्रसंगाची हकीकत इतकी वर्षे तेच सांगत आले आहेत. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मुजावर मास्तरांनी, म्हणजे मी, तिकडच्या पोरांना इंग्रजीऐवजी मराठी शिकवली आणि वेळ मारून नेली. हे साफ खोटे आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

गोष्ट सत्तरच्या दशकातील. मी कोल्हापुरातील एका हायस्कुलात इंग्रजी शिकवीत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलिश निर्वासितांची वसाहत आमच्याजवळ वळिवड्याला होती. शेजारच्या उचगावात माझ्या वडिलांची बेकरी होती आणि तिचा पाव त्या वसाहतीत जात असे. तेथे लहानाच्या मोठ्या झालेल्या हॅलिनाबाई पुढे मायदेशी परतल्या, शिक्षिका झाल्या. आमच्या घराशी त्यांचा पत्रव्यवहार टिकून होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या शाळकरी मुलांसाठी इंग्रजीचे शिबिर चालवीत. तेथे शिकवायला त्यांनी मला बोलावले. काम स्वयंसेवकाचे, म्हणजे राहणे-जेवणे त्यांचे आणि पगार नाही. मी शाळेतून बिनपगारी रजा घेऊन गेलो.

इतर शिक्षक इंग्लंडचे. हार्डिंगसाहेब त्यांचे प्रमुख. इंग्रजी इंग्रजाच्याच तोंडून ऐकावी, असे त्यांचे मत होते आणि ते मत त्यांनी माझ्यापासून लपवले नव्हते. हॅलिनाबाईंनी मात्र माझ्यासाठी शब्द टाकला होता. माझा वर्ग गेला असता, तर त्यांचा शब्द गेला असता आणि पुन्हा कोणा भारतीय शिक्षकाला तेथे बोलावणे आले नसते.

वर्ग खरोखरच बोलत नव्हता, हे मी नाकारीत नाही. सोळा-सतरा वर्षांची मुले. व्याकरण पक्के, अक्षर मोत्यासारखे, तोंड बंद. मी ‘ड्रिल’ घेत असे. ड्रिल म्हणजे शिक्षकाने वाक्य म्हणायचे आणि वर्गाने ते एकसुरात परत म्हणायचे. एकसुरात सगळे म्हणत. एकेकाला उभे केले की खिडकीबाहेर पाहत. त्यांच्या शाळेत चुकीचे बोलण्यापेक्षा गप्प राहणे सभ्यपणाचे मानीत.

पाठ्यपुस्तकातला धडा असा होता. यजमान विचारतो, “वुड यू लाइक सम टी?” पाहुणा म्हणतो, “नो, थँक यू.” धडा समाप्त. मारेक नावाचा उंच मुलगा पाहुणा झाला. “नो, थँक यू” म्हणाला आणि खाली बसला. हार्डिंगसाहेब दारात उभे राहून हे पाहत होते. त्यानंतरच व्हरांड्यातले ते वाक्य आले.

त्याच दिवशी दुपारी जेवताना मारेक माझ्या शेजारी बसला होता. ताटात कणकेच्या पारीत सारण भरून उकडलेले काहीतरी आले. सारण कशाचे, हे ठाऊक नसल्याने मी हात आखडता घेतला. “नो, थँक यू,” म्हणालो.

मारेक उभाच राहिला. “नो मीट! ओन्ली पोटॅटो! आय स्वेअर!”

“पोट भरले आहे,” मी इंग्रजीत म्हणालो.

“यू ईट नथिंग! यू आर थिन! माय मदर सी यू, शी क्राय!”

समोरची दानुता नावाची मुलगीही सरसावली. वर्गात तिचा आवाज मी ऐकलाच नव्हता. “टू मोअर! स्मॉल! व्हेरी स्मॉल!” म्हणत तिने चार वाढले, आणि ते लहान नव्हते.

पलीकडे हॅलिनाबाई हसत होत्या. वळिवड्याची मराठी त्यांच्या तोंडी जशीच्या तशी होती. “खावा की, मास्तर! हितं न्हाय म्हटलं की जास्तच वाढत्यात. तुमच्याकडं तरी काय येगळं हाय?”

वेगळे काहीच नव्हते. आमच्याकडे पाहुण्याने पहिल्याच विचारण्याला ‘हो’ म्हणणे हावरटपणा आणि यजमानाने पहिल्याच ‘नको’वर थांबणे कंजूसपणा. पोलंडमध्येही तेच. ज्या ठिकाणी इंग्रजांचा धडा संपत होता, तेथे या मुलांचे आणि माझे बोलणे सुरू होत होते. मुले गप्प होती, कारण पुस्तकाने त्यांना बोलायला जागाच ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक मिटले. टेबलावर रिकामा कप ठेवला. नियम दोनच. पाहुण्याने दर वेळी नवे कारण देऊन नकार द्यायचा. यजमानाने प्रत्येक कारण खोडून काढायचे. चूक झाली तरी मी मध्ये बोलणार नाही, असे मी कबूल केले. मारेकने डॉक्टरांची मनाई सांगितली, तर दानुता म्हणाली की तिचे काका डॉक्टर आहेत आणि मनाई करणारा डॉक्टर मूर्ख आहे. वर्ग बाकांवर उभा राहिला.

मी निवृत्त झालो तेव्हा कोल्हापुरातील शाळेच्या निरोपसमारंभात एका वक्त्याने सांगितले होते की, मी या मुलांना पिठले-भाकरी करून घातली आणि वश केले. कप रिकामा होता. मला पिठले येत नाही.

शनिवारी हार्डिंगसाहेब ‘ओरल’ घ्यायला आले. ओरल म्हणजे तोंडी परीक्षा. त्यांनी मारेकला विचारले, “तुझा छंद कोणता?” मारेक खिडकीबाहेर पाहू लागला. दारातल्या हॅलिनाबाईंचा चेहरा उतरला.

मी म्हणालो, “साहेब, आपण परीक्षक नको, पाहुणे व्हा.”

ते खुर्चीवर बसले. दानुताने चहा विचारला.

“नो, थँक यू.”

“व्हाय?” बारा जणांनी एकदम विचारले.

साहेब बिचकले. इंग्लंडमध्ये हा प्रश्न कोणी विचारीत नसावे. ते म्हणाले, आताच घेतला. मारेक म्हणाला, तो इंग्लिश चहा, हा पोलिश. ते म्हणाले, झोप येणार नाही. दानुता म्हणाली, आता सकाळ आहे. एकाने त्यांना विचारले, आमच्या घराचा आपल्याला काही राग आहे का? साहेबांचा चेहरा लाल झाला. शेवटी ते हात वर करून म्हणाले, “ऑल राइट! हाफ अ कप!”

“फुल!” वर्ग ओरडला.

त्यांनी तो रिकामा कप तोंडाला लावला.

बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, “मुजावर, ही इंग्रजी रीत नव्हे.”

“भाषा इंग्रजी होती ना?”

“भाषा इंग्रजी होती. चुका पुष्कळ होत्या.”

“चुका ऐकू आल्या, साहेब. गेल्या आठवड्यात त्याही ऐकू येत नव्हत्या.”

हॅलिनाबाई मागून म्हणाल्या, “आता कसं, मास्तर? लई झ्याक!”

वर्ग माझ्याकडेच राहिला. चुका मी पुढच्या दिवसांत दुरुस्त केल्या, कारण आता दुरुस्त करण्यासारखे काही हाती होते. पुढच्या वर्षी मला पुन्हा बोलावणे आले. शाळेने रजा नाकारली, तो भाग निराळा. शिबिर संपण्याच्या सुमारास हार्डिंगसाहेबांच्या वर्गातूनही “व्हाय?” असा गलका ऐकू आला.

वर्ग गप्प असेल, तर मुलांची बुद्धी तपासण्याआधी शिक्षकाने आपला धडा तपासावा. ज्याला उत्तर द्यावेसेच वाटत नाही अशा प्रश्नाला शुद्ध उत्तर मिळाले, तरी त्याचा उपयोग परीक्षकापलीकडे कोणालाही नसतो.