नाव नाही, चेहरा नाही

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या सिस्टरांइतकं गुपित सांभाळणारं माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये सापडणार नाही, आणि त्या कुणाकुणाचं काय काय सांभाळतायत हे माहीत नसलेलं माणूस आमच्या सोसायटीत सापडणार नाही. चिंचवडच्या बाजूला एका खासगी हॉस्पिटलात त्या नर्स आहेत. तिथे कधीतरी सगळ्या नर्सना एका हॉलमध्ये बसवून, पेशंटची माहिती बाहेर फुटता कामा नये, असं बजावण्यात आलं होतं. सिस्टरांनी त्या लांबलचक भाषणाचं सार ‘नाव नाही, चेहरा नाही’ एवढ्यात काढलं आणि ते सोळा सोमवारांसारखं कडक पाळलं. उरलेलं सगळं त्या मोकळ्या मनाने सांगत. लिफ्टमध्ये भेटल्या की म्हणत, “नाव नाही घेणार मी, नियम आहे आमचा. पण आपल्या सी विंगमधले एकजण, ज्यांची पांढरी गाडी कायम जिन्यासमोर आडवी लावलेली ऱ्हाती, त्यांची शुगर लई वाढलीय.” एवढं बोलून ओठांवर बोट ठेवत. पुढे कितीही खोदून विचारलं तरी नाव म्हणून सांगत नसत. तशी विचारायची वेळही कुणावर येत नसे.

पण लिफ्ट हे त्यांचं किरकोळ कामकाज. खरा संसार व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर. सकाळी आरशापुढचा गणवेशातला फोटो, मग चहाचा कप, मग रिक्षातून दिसणारा पूल, आणि ड्युटीवर पोचल्या की वॉर्ड. वॉर्डातल्या प्रत्येक माणसाच्या तोंडावर एकेक फूल चिकटवलेलं असे. त्यातही शिस्त होती. बाळंतिणींना गुलाब, म्हाताऱ्यांना झेंडू आणि ऑपरेशनवाल्यांना कमळ. ओळीने खाटा आणि ओळीने फुलं बघून आपण दवाखाना बघतोय की पुष्पप्रदर्शन, असा प्रश्न पडे. आमच्या बिल्डिंगमधल्या बायका संध्याकाळी बाकावर बसून जोडव्यांवरून, बांगड्यांवरून, उशाशी ठेवलेल्या डब्याच्या झाकणावरून पेशंट ओळखत, आणि माझ्या मावससासूबाई बऱ्या नाहीत ही बातमी आमच्या घरी नातेवाइकांच्या आधी कमळाखालच्या पाटल्यांवरून आली. मी एकदा सिस्टरांना म्हटलंसुद्धा, “सिस्टर, हे काही बरोबर नाही.” त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. “काका, चेहरा दिसायलाय का?” मी म्हटलं, “नाही.” “मग?” त्या म्हणाल्या, आणि चर्चा संपली.

बाई मनाने लाखमोलाची, हे मात्र आधीच सांगायला हवं. परभणीकडच्या एका खेड्यातून आलेल्या, नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. आमच्या वॉचमनचं बीपी त्या येता-जाता तपासत, सोसायटीतल्या निम्म्या लोकांना इंजेक्शनं त्यांनीच टोचलेली, आणि कुणी पैशाचा विषय काढला तर दुसऱ्या दिवशी त्याला मुद्दाम जाड सुई वापरतील अशी सगळ्यांना भीती. त्यामुळे माझ्यावर मूळव्याधीच्या ऑपरेशनची वेळ आली तेव्हा मी त्यांच्याच हॉस्पिटलात गेलो. अट एकच घातली, “सिस्टर, ही गोष्ट बाहेर जाता कामा नये.” मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीत आहे. रोज कंपनीच्या बसने जातो, आणि त्या बसमध्ये बसण्याच्या जागेवरून जे विनोद होतात ते ऐकलेला कुठलाही शहाणा माणूस असला आजार जाहीर करणार नाही. कंपनीत मी पुतण्याच्या लग्नाला साताऱ्याला जातो म्हणून सांगितलं होतं. सिस्टरांनी छातीवर हात ठेवला. “काका, नाव निघणार नाही.”

नाव निघालं नाही. ऑपरेशन झालं, सिस्टरांनी पोटच्या पोरीसारखं केलं, स्वतःच्या घरचं ताक आणून पाजलं. घरी सोडायच्या दिवशी बिलाचे सोपस्कार काही आवरेनात, म्हणून मी कंपनीने दिवाळीला दिलेली पोपटी चादर गळ्यापर्यंत ओढून जरा पडलो. डोक्याला माकडटोपी होती. ती मी बसमधल्या एसीमुळे बारा महिने घालतो. तेवढ्यात डोळा लागला. सिस्टरांनी फोटो काढला, ऑपरेशनवाला म्हणून तोंडावर कमळ ठेवलं, खाली जोडलेले हात ठेवले आणि डिस्चार्जच्या आनंदात लिहिलं: ‘आज आणखी एक हसतमुख व्यक्तिमत्त्व आम्हाला सोडून चाललं. शेवटपर्यंत कुणाला त्रास दिला नाही. शांतपणे निरोप घेतला.’

आमच्याच सोसायटीतले एकजण माझ्याच बसला असतात. त्यांनी चादर ओळखली, टोपी ओळखली, आणि दुःखी अंतःकरणाने तो फोटो बसच्या ग्रुपवर टाकला. मी त्या ग्रुपवर आहे. काळेवाडी फाट्याच्या सिग्नलला रिक्षात एका कुशीवर बसून मी स्वतःला वाहिलेली भावपूर्ण श्रद्धांजली वाचत होतो. एकामागून एक निरोप येत होते. ‘परवाच तर बोललो होतो, राव.’ ‘लग्नाला म्हणून गेले आणि असं झालं.’ ‘माणूस शिस्तीचा होता, माल लवकर पास करत नव्हता, पण मनात काही नसायचं.’ आमच्या साहेबांनी माझ्या आत्म्याला शांती चिंतून त्याच निरोपात मोजमापाच्या गेजच्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, अशी विचारणा केली होती. मी लिहिलं, ‘मी जिवंत आहे.’ लगेच उत्तर आलं, ‘वहिनी, धीर धरा.’

सोसायटीच्या पार्किंगमध्ये पांढरे सदरे जमले होते. चेअरमन कुणाला तरी तिरडीचं सामान सांगत होते. बायकोला मी अजून काही सांगितलं नव्हतं; ती रिक्षातून आधी उतरली. चार बायकांनी तिला मिठी मारून हंबरडा फोडला, आणि काय झालं हे न कळताच तीही रडू लागली. मग दुसऱ्या बाजूने मी उतरलो, हातात मधोमध भोक असलेली गादी घेऊन. वॉचमनने सवयीने उठून सलाम ठोकला आणि तसाच उभा राहिला. चेअरमनच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा गैरसोय जास्त दिसली. “मग तुम्हाला झालं काय होतं?” त्यांनी जरा दरडावूनच विचारलं. मी साताऱ्याचं काहीतरी बोलणार, एवढ्यात बायको सगळा राग एका शब्दात गोळा करून ओरडली, “मूळव्याध!” पार्किंगला छप्पर असल्यामुळे तो शब्द बराच वेळ घुमला.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मधल्या वेळात चेअरमननी हॉस्पिटलला फोन करून बॉडी कधी ताब्यात मिळेल, असं विचारलं होतं. मेट्रनबाईंचा मला फोन आला. आवाज थंड होता. “सर, आम्ही यात तुमच्या बाजूने आहोत. तुम्ही फक्त तक्रार द्या. त्यांना उद्यापासून आम्ही ठेवणार नाही.” बायको शेजारीच होती. “द्या,” ती म्हणाली. “तुमच्या जिवंतपणी बांगड्या फोडायच्या बाकी होत्या माझ्या.” खरं सांगायचं तर मलाही राग आला होता. मरणाचा नव्हता एवढा. आता जन्मभर बसमध्ये आपल्याला खिडकीजवळची मऊ सीट आदराने देतील, त्याचा होता.

संध्याकाळी सिस्टर आल्या. गणवेशातच होत्या. सोफ्यावर न बसता स्टुलावर बसल्या. रडल्या नाहीत, माफी मागितली. मी म्हटलं, “सिस्टर, नाव गेलं, चेहरा गेला, तरी माणूस बराच उरतो हो. चादर उरते, टोपी उरते. लोक तेवढ्यावर ओळखतात.” त्या मान खाली घालून म्हणाल्या, “खरंय, काका. माझ्या ध्यानातच आलं नाही.” मग माझ्या मनात होता तोच प्रश्न बायकोने त्यांना विचारला, “पण एवढे फोटो टाकता कशासाठी?”

“आईसाठी,” सिस्टर म्हणाल्या. “आई गावाकडं हाय. तिला वाचता येत नाही, कानाला ऐकू कमी येतं, फोनवर बोलणं व्हत नाही. भावजय सकाळ-संध्याकाळ स्टेटस लावून देती, ते बघती. पोरगी कामावर गेली, चहा पिली, सुखरूप हाय, एवढं कळतं तिला. आधी मी नुसते माझेच टाकायचे. तर म्हणायची, एकलीच दिसायलीस गं, माणसंच नाहीत का तिथं? म्हणून मग वॉर्डातली माणसं टाकायला लागले. आता म्हणती, तुझ्या दवाखान्यात माणसं लई हायत, पण एकालाबी तोंड कसं नाही?”

बायको आत गेली. चहा ठेवायला गेली असावी, कारण भांडी नेहमीपेक्षा जोरात वाजत होती. मी मेट्रनबाईंना फोन लावला आणि मला तक्रार करायची नाही, असं सांगितलं. “पण सर, फोटोत तुमचा चेहरा—” मी म्हटलं, “चेहरा कुठे आहे, बाई? तिथे कमळ आहे.” नोकरी राहिली. सिस्टरांना ताकीद मिळाली आणि ड्युटीभर फोन कपाटात बंद राहू लागला.

त्यानंतर सिस्टर परवानगीच्या बाबतीत दुसऱ्या टोकाला गेल्या. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांचा फोटो काढतानाही त्या, “कुणाच्या हायत? परमिशन हाय का?” असं मोठ्याने विचारत. वॉर्डातले फोटो बंद झाल्यावर माणसं कुठून आणायची, हा प्रश्न आमच्या बायकोने सोडवला. रविवारी आम्ही दोघं सिस्टरांच्या शेजारी उभे राहू लागलो. मग वॉचमन येऊन उभा राहिला, मग बाकावरच्या बायका, आणि शेवटी ते पांढऱ्या गाडीवालेही आले, शुगर आटोक्यात आल्यावर. कुणाच्याही तोंडावर फूल नव्हतं. एकदा सिस्टर मुद्दाम बेल वाजवून सांगायला आल्या, “काका, आई म्हणली, टोपीवाल्याचं तोंड चांगलं हाय की!” माझ्या रूपाबद्दल कुणी बरं बोलल्याची ही अलीकडच्या काळातली एकमेव नोंद आहे.

मागच्या उन्हाळ्यात सिस्टर गावाला गेल्या. “भाचीचं लग्न हाय,” म्हणाल्या. लग्न चांगलंच लांबलं. त्या दिवसांत स्टेटसवर काहीच नव्हतं, चहासुद्धा नाही. परत आल्या त्या सकाळी एक फोटो आला. अंगणात बाजेवर बसलेली एक म्हातारी, डोक्यावरून पदर, समोर बघून हसतेय. खाली तिचं संपूर्ण नाव होतं, सिस्टरांच्या वडिलांच्या नावासकट, आणि गावाचं नाव. लोकांनी अंगठे दाखवले, ‘छान फोटो’ लिहिलं, कुणी ‘आई आल्या का इकडे?’ म्हणून विचारलं. बायकोही म्हणाली, “पाहुणी आलीय, जास्तीची भाजी टाकते.” मी फोटोकडे बघत राहिलो. फूल नव्हतं, जोडलेले हात नव्हते. पण सिस्टरांनी नाव घेतलं होतं आणि चेहरा उघडा ठेवला होता. मला कळलं. मी ‘भावपूर्ण’ एवढं लिहिलं आणि पुसलं. तो शब्द माझ्यावर एकदा वापरून झालेला होता.

आम्ही दोघं समोर गेलो. सिस्टरांनी दार उघडलं आणि आमचे चेहरे बघून काही लपवलं नाही. “शेवटी दवाखान्यातच होती, काका. कुणाला सांगितलं नाही मी. पेशंट होती ना.” मग फोन हातात धरून म्हणाल्या, “फूल लावणार होते. पण तिला तोंडं बघायची लई आवड. अन् फोटो टाकला आणि येड्यावानी बघत बसले, तिनं बघितला का म्हणून.” बायकोने त्यांना जवळ घेतलं. त्या वेळी मात्र त्या रडल्या, खूप रडल्या, आणि मलाही आवरलं नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले. आमच्याकडे बघितलं, सवयीने फोन उचलला आणि विचारलं, “परमिशन हाय का?” कुणाला दाखवायचा, हे आम्ही विचारलं नाही. बायकोने पदर सारखा केला. मी माकडटोपी काढून मांडीवर ठेवली आणि चेहरा नीट दिसेल असा बसलो.