तीन चाकांचा ब्रेक

याकोब गेल्याचं कळलं तेव्हा मी शाळेच्या कार्यालयात शिष्यवृत्तीचे अर्ज तपासत बसलो होतो. त्याच्या मुलीचा, रूथचा फोन होता. "काका, पप्पा गेले. सकाळी चहा पीत हुते, अन् खुर्चीतच..." फोन ठेवला आणि उरलेले अर्ज तपासून पुरे केले. का, ते अजून नीट सांगता येत नाही. उठलो असतो तर कुणीतरी विचारलं असतं, मास्तर, कोण गेलं तुमचं?

दुपारी श्रीरामपूरच्या कबरस्तानात पन्नासेक माणसं होती. चर्चच्या पाळकांनी प्रार्थना केली. माझ्या मागेच हिराबाई काठी टेकून उभी होती. अकरा वर्षांपूर्वी याकोबच्या गाडीत तिचा पाय मोडला, तो सरळ झाला नाही तो नाहीच. शेजारणीला ती हळूच म्हणाली, "मानूस वाईट नव्हता गं. पन गाडी न्हाई सांभाळली त्यानं. माझा पाय त्याच्यापायी गेला." मी दोन हातांवर होतो. सगळं ऐकलं. मूठभर माती टाकली आणि बाजूला झालो. त्याला पाच आठवडे झाले. एवढं एक खोटं मी मातीबरोबर त्याच्या अंगावर टाकून आलो, आणि आता ते काढायला बसलो आहे.

गाडी याकोबची नव्हतीच. ती माझी होती, तो फक्त चालवायचा. कागदावर बायकोचं नाव, कारण मी शाळेत मास्तर, मला जोडधंदा करायची परवानगी नाही. तेरा-चौदा माणसं बसतील अशी मोठी डिझेल व्हॅन, आम्ही घेतली तेव्हाच तिचे दोन मालक होऊन गेले होते. स्वस्त मिळाली म्हणून मी खूश होतो. याकोबने गाडीला एक फेरी मारली, खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "मास्तर, म्हातारी म्हैस घेतलीय तुमी. दूध दील, पन पेंड लई खाईल." मी त्याला अरे-तुरे करायचो, तो मला अहो-जाहो. वयाने तो चार वर्षांनी मोठा होता.

पेंड ती खरंच खायची. विमा, पासिंग, टायर हे तर ठरलेलंच, पण त्याखेरीज दर महिन्याला नवं काहीतरी. रेडिएटर पाझरायचा, स्टार्टर थंडीत रुसायचा, क्लचप्लेट दर वर्षाला, मागच्या कमानीचे पाटे मोडायचे, तळाचा पत्रा गंजून पायाखालचा रस्ता दिसायला लागला होता. मी एक नियम केला होता आणि त्याचा मला अभिमान होता... एका महिन्यात एकच काम. बाकीचं याकोबने निभावायचं. तो निभावायचा. रेडिएटर गळाला की त्यात मूठभर हळद टाकायचा, डिझेलच्या टाकीला भेग पडली की कपड्याचा साबण दाबून बसवायचा. लग्नाचं वऱ्हाड बसलेलं असताना गाडीतून हळदीचा वास आला तर म्हणायचा, "नवरीच्या आदी गाडीला लागली हळद." लोक हसायचे. मीही हसायचो. त्या हसण्यात माझा खर्च वाचत होता.

त्या वर्षी बचत गटाच्या बायकांनी भंडारदऱ्याची सहल ठरवली, रविवारची. शुक्रवारी याकोब शाळेच्या फाटकाशी येऊन थांबला. हात तेलाने काळे.

"मास्तर, मागच्या डाव्या चाकाचा सिलिंडर गेलाय. ब्रेकचं तेल गळतंय."

"मग?"

"सामान नगरहून आणावं लागंल. सोमवारपतुर गाडी उभी ऱ्हाईल."

क्लचचं काम त्याच महिन्यात झालं होतं. माझा नियम आठवला. "दुसरं काही होत नाही का?"

त्याने हात पँटला पुसले. "त्या चाकाची नळी ठोकून बंद केली तर तेल गळायचं न्हाई. मग तीनच चाकांना ब्रेक लागतो. गावातल्या गावात चालंल. पन ह्यो घाट हाय मास्तर."

आमच्याकडच्या जुन्या गाड्यांवर हा इलाज सगळेच करतात. बाजारापर्यंत जायचं, ऊसतोडीच्या टोळीला फाट्यावर सोडायचं, तेवढ्यासाठी. मला ते माहीत होतं आणि घाटातून ब्रेकवर उतरणं म्हणजे काय तेही माहीत होतं. मी म्हणालो, "एवढी एक ट्रिप कर. पुढच्या महिन्यात बघू." तो हलला नाही. तेव्हा मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "तू चालवणार आहेस ना? मग मला काळजी नाही."

आयुष्यात मी त्याची केलेली ती एकमेव स्तुती. नकार देता येऊ नये म्हणून केलेली.

उतरताना एका वळणावर ब्रेक दाबला, मागचं डावं चाक धरलं नाही आणि गाडी उजवीकडे ओढली गेली. तिकडे दरी होती. याकोबने सगळा जोर लावून स्टिअरिंग डावीकडे फिरवलं आणि गाडी डोंगराच्या अंगाला घासत, दगडावर नेऊन थांबवली. तेरा बायका होत्या, तेराच्या तेरा जिवंत परत आल्या. पुढे डाव्या खिडकीशी हिराबाई होती.

दवाखान्यात मी पोहोचलो तेव्हा हवालदार वही उघडून बसला होता. त्याने विचारलं, गाडीचं कोण बघतं? मी म्हणालो, "सगळं तोच बघतो. मला त्यातलं काही कळत नाही." बाकावर याकोब बसला होता, कपाळाला पट्टी. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं. मग हवालदाराला म्हणाला, "व्हय साहेब. गाडी माझ्याकडंच आसती."

परत येताना एसटीत आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. संगमनेर आलं. मग तो खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "तुमची नोकरी हाय, मास्तर. माझं काय, कुटंबी काम करीन." मला हायसं वाटलं. हे लिहिताना हात अडतो, पण वाटलं होतं.

त्याचं लायसन काही महिन्यांसाठी अडकलं. सुटलं तेव्हा गावात कुणी त्याच्या हातात गाडी द्यायला तयार नव्हतं. मी व्हॅन भंगारात दिली. तो कापसाच्या जिनिंगवर रखवालदार झाला. दिवाळीला तो माझ्याकडे यायचा, नाताळला मी त्याच्याकडे जायचो, आणि पाऊस, पोरांची शिक्षणं, गुडघे यावर आम्ही बोलायचो. एका नाताळात मी सुरुवात केली होती, "याकोब, त्या दिवशी मी..." तो म्हणाला, "सोडा मास्तर. च्या निवतोय."

गेल्या आठवड्यात मार्थावहिनींकडे, त्याच्या बायकोकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्या पदराने चष्मा पुसत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मला कशाला सांगताय? मी त्याच घरात ऱ्हाते, मला ठावं हुतं. हिराबाईला सांगा. अन् चारचौघांत सांगा. त्यांचं नाव चारचौघांतच गेलं."

म्हणून हे वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी लिहितो आहे. पण आधी हिराबाईकडे गेलो.

ती दारात बसली होती. मी उभ्यानेच बोललो. तिने शिवी दिली नाही. मग म्हणाली, "दर रईवारी त्यांच्या देवळातली प्रार्थना सुटली की यायचा त्यो. मला हंडा उचलवत न्हाई म्हनून नळावरून पिंप भरून ठिवायचा. मी आतून कडी लावून बसायचे. पिंप भरलं की दारावर टकटक करायचा, अन् जायचा. अकरा वरीस, मास्तर. मी त्याला च्या न्हाई इचारला."

ती काठीचा आधार घेत उठली. "तुमी आज सांगताय. तवाच सांगितलं आसतं, तर कडी काढली आसती मी."

निळं पिंप दाराबाहेर भिंतीशी होतं, रिकामं. त्याच्याखाली लाकडी चौकट ठोकलेली, चौकटीला जुन्या बेअरिंगची चार चाकं. नळापर्यंत ढकलत नेता यावं म्हणून त्याने केलेलं असणार. मी पिंपाला हात लावला. जरासा जोर दिला तसं ते आवाज न करता पुढे सरकलं. वाकून पाहिलं. चारही चाकांना ग्रीस होतं, ताजं वाटावं असं.